कानावर पडलेल्या कविता

आमच्या दादांना पाठ असलेल्या कविता सगळ्या उर्दू. कारण साधं होतं. १९४८ पर्यंत आपला धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून चाले. त्यामुळे इस्माईल मेरठी (१८४४-१९१७) यांची गाईवरची कविता दादांना जितकी येई, तितकीच त्यांच्या वर्गातल्या पाटलांनाही. हे पाटील आजोबा संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि आम्हा पोरांचे उच्चार सुधारत! घरच्या दखनीत आम्ही 'क़लम'ला 'खलम' म्हणायचो. ते हसून 'क़ाफ' घशातून काढून दाखवायचे. मुसलमानाच्या पोरांना क़ाफ शिकवणारा मराठा शेतकरी! आज वर्गात सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही.

मराठी कविता मात्र शाळेतून घरी आल्या. बालभारतीचं पुस्तक घेऊन आम्ही चुलीजवळ बसायचो आणि बालकवींचा श्रावण मोठ्यानं म्हणायचो. अम्मीला देवनागरी वाचता येत नव्हती. पण ऐकून ऐकून तिला अर्धं पुस्तक पाठ झालं, 'ळ'चा 'ल' करत का होईना. पाऊस लांबला की भाकरी थापताना ती हटकून तीच कविता म्हणे.

मराठी शाळेत जाणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांना आता उर्दू लिपी येत नाही. त्यांच्यापर्यंत उर्दू कविता पोहोचायची तर कानावाटेच. पालक म्हणतात, मोबाईलवर सगळं आहे. आहे ना, पण मोबाईल मुलाचं म्हणणं ऐकून घेत नाही, चुकलं तर थांबवत नाही. मगरिबनंतर दहा मिनिटं घरातल्या कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, एवढंच आम्ही त्यांना सांगतो. पाठांतराच्या स्पर्धा मात्र नकोत. त्यांनी कवितेची गोडी जाते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आमच्या सहावीतल्या एका मुलीनं नानीच्या तोंडच्या उर्दू कविता देवनागरीत उतरवायला घेतल्यात. त्यात अल्लामा इक्बाल यांची पहाड आणि खारीची कविता आहे. (मूळ कल्पना अमेरिकन कवी इमर्सन यांची, हे ऐकून नानी चकितच झाली.) मधल्या काही ओळी नानीला आठवत नाहीत. 'बांग-ए-दरा' आमच्याकडे आहे, वाचून दाखवतो म्हटलं, तर मुलगी म्हणाली, "नको सर. नानीला आठवलं की लिहीन." वहीत तिनं तेवढी जागा सोडून ठेवली आहे.