दानातील शस्त्रक्रिया आणि शासनाचे दायित्व

हर्निया हा एरवी जीवघेणा विकार नव्हे. पण ओझी उचलणाऱ्या श्रमिकाची रोजीरोटी तो हिरावून घेतो. अमेरिकेतील १९८६ च्या कायद्यामुळे अत्यवस्थ रुग्णाला रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातून तपासणीविना परत पाठवता येत नाही. मात्र विकार प्राणावर बेतण्यापूर्वीच्या उपचारांची हमी हा कायदा देत नाही. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्यानेही कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना वगळले.

ही पोकळी भरण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९९३ साली ‘ऑपरेशन अ‍ॅक्सेस’ ही संस्था उभी राहिली. शल्यचिकित्सक आपला वेळ देतात, रुग्णालये शस्त्रक्रियागृह देतात आणि विमा नसलेला मजूर पुन्हा कामावर उभा राहतो. हे सेवाकार्य निःसंशय वंदनीय आहे.

परंतु सेवेलाही मर्यादा असते. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये अशा सर्व प्रौढांसाठी शासकीय आरोग्य योजना खुली केली आणि खर्चाचा भार वाढताच जानेवारी २०२६ पासून त्यांची नवी नोंदणी थांबवली. शासनाने हात आखडता घेतला की भार पुन्हा दात्यांवरच येतो. ज्यांच्या घामावर शेते पिकतात, इमारती उभ्या राहतात, त्यांचे आरोग्य इतरांच्या सवडीवर सोडणे न्याय्य नव्हे. सेवा हे समाजाचे भूषण आहे. शासनाच्या कर्तव्याला तो पर्याय नव्हे.