मनी गुटगुटीत की लठ्ठ?

सप्टेंबर २०२४मध्ये रशियातील पर्म शहरातल्या एका केशरी बोक्याची छायाचित्रे जगभर फिरली. एका रुग्णालयाच्या तळघरातून सोडवलेल्या या बोक्याचे वजन १७ किलो होते. त्याचे नाव क्रोशिक, म्हणजे ‘कण’. त्याला कोणी उपाशी ठेवले नव्हते की छळले नव्हते. उलट रुग्णालयातल्या माणसांनी सूप, बिस्किटे असे हाताशी येईल ते त्याला मायेने खाऊ घातले होते. परिणामी त्याला चार पावलेही धड टाकता येत नव्हती. प्राण्यांच्या निवाऱ्यात त्याचा आहार बांधून देण्यात आला आणि वजन उतरूही लागले. पण पुढच्याच महिन्यात तो दगावला. त्याच्या शरीरात गाठी वाढल्या होत्या आणि चरबीच्या थराआड त्या वेळेत लक्षात आल्या नव्हत्या.

हे टोकाचे उदाहरण झाले. पण त्यामागची गोष्ट अनेक घरांत रोज घडते. मांजराला पशुवैद्याकडे लसीसाठी नेले जाते, डॉक्टर त्याला काट्यावर ठेवतात आणि म्हणतात, ‘वजन कमी करायला हवे.’ घरच्यांचे उत्तर ठरलेले असते : ‘डॉक्टर, ती काही फारसे खातच नाही हो. अंगानेच जरा भरलेली आहे.’ इथून सुरू होणारा मतभेद बहुतेक वेळा तिथेच सोडून दिला जातो. डॉक्टर दुसऱ्यांदा बोलत नाहीत आणि घरातली वाटी पहिल्यासारखीच भरत राहते.

या मतभेदात बरोबर कोण? शास्त्राचे उत्तर बऱ्याच अंशी पशुवैद्यांच्या बाजूचे आहे, पण पूर्णपणे नाही.

डोळ्यांना सवय होते

अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या लठ्ठपणावर काम करणाऱ्या ‘असोसिएशन फॉर पेट ओबेसिटी प्रिव्हेन्शन’ या संस्थेच्या २०२२च्या सर्वेक्षणात तपासलेल्या मांजरांपैकी ६१ टक्के मांजरे जादा वजनाची किंवा लठ्ठ आढळली. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. वाड्यात, वाडीत, कोळीवाड्यात उंदीर-घुशींच्या मागे धावणाऱ्या मांजराचे जगणे वेगळे असते. मात्र मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, जाळी लावलेल्या खिडकीत दिवस काढणाऱ्या मांजराचे आयुष्य आता अमेरिकेतल्या मांजरासारखेच आहे : चोवीस तास छप्पर, भरलेली वाटी आणि शिकारीला प्लास्टिकचा उंदीर.

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत एक गोष्ट सातत्याने दिसते. लठ्ठ मांजराचे मालक त्याच्या शरीराचा अंदाज पशुवैद्यापेक्षा कमी सांगतात. यात खोटेपणा नसतो. मांजर महिन्याला ४०-५० ग्रॅमने वाढते आणि रोज पाहणाऱ्याला ते जाणवत नाही. आसपासची मांजरेही गोलमटोल असली की तोच आकार नेहमीचा वाटू लागतो. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरात तर चरबी केसांखाली लपते.

शिवाय आकडाही फसवा असतो. ४ किलो वजन योग्य असलेले मांजर ५ किलोचे झाले, तर ‘एकच किलो तर वाढले’ असे वाटते. प्रत्यक्षात ही वाढ २५ टक्के आहे. ६० किलोचा माणूस ७५ किलोचा व्हावा, तशी.

पशुवैद्य काय पाहतात?

सगळ्या मांजरांना लागू पडेल असा वजनाचा एक आकडा नसतो. बारीक चणीच्या मांजरीला ३ किलो पुरेसे, तर थोराड बोक्याला ५ किलोही योग्य. म्हणून पशुवैद्य काट्याबरोबर हाताचा वापर करतात. शरीराच्या ठेवणीला १ ते ९ असे गुण देण्याची पद्धत १९९०च्या दशकापासून रूढ आहे. १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे आदर्श आणि ९ म्हणजे अतिलठ्ठ. ५च्या पुढचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जादा वजन मानले जाते.

ही तपासणी घरीही करता येते. मांजराच्या छातीवरून दोन्ही बाजूंनी तळवे हलकेच फिरवावेत. पातळ पांघरुणाखाली हात लागावा तशा बरगड्या जाणवल्या, तर ठीक. दाबून शोधाव्या लागल्या, तर वजन जादा आहे. वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर दिसायला हवी.

एका गोष्टीवरून मात्र बरेच गैरसमज होतात. मागच्या पायांपुढे पोटाखाली लोंबणारी सैल कातडी अनेक सडपातळ मांजरांनाही असते. चालताना ती हलते म्हणून मांजर जाडे ठरत नाही. ती रिकाम्या पिशवीसारखी हाताला लागली तर काळजी नको. चरबीने भरलेली, घट्ट लागली तर लक्ष द्यावे.

मालकांचेही काही खरे असते

‘थोडी गुबगुबीत असली तर काय बिघडले?’ हा मालकांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजरांचे शरीरगुण आणि आयुर्मान यांचा संबंध तपासून २०१८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ९ गुणांच्या अतिलठ्ठ मांजरांना मृत्यूचा धोका जास्त दिसला, तसाच तो हडकुळ्या मांजरांनाही दिसला. ६ गुणांची, म्हणजे आदर्शापेक्षा किंचित भरलेली मांजरे मात्र चांगली जगली. तेव्हा ५ आणि ६ यांच्यातल्या फरकासाठी घर डोक्यावर घेण्याचे कारण नाही.

पण ‘किंचित भरलेली’ आणि ‘लठ्ठ’ यांत मोठे अंतर आहे, आणि ते ओलांडले गेल्याचे कळत नाही हीच अडचण आहे. लठ्ठ मांजराला मधुमेह होण्याची शक्यता सुमारे चौपट असते. सांध्यांवर भार येतो, उडी मारणे बंद होते. पाठीपर्यंत जीभ पोहोचत नाही, त्यामुळे केसांचा गुंता होतो, त्वचा बिघडते. भूल देणे जोखमीचे ठरते. मधुमेह झालाच, तर बहुतेक मांजरांना दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावे लागते. हा खर्च आणि वेळेचे बंधन किती घरांना झेपते, हा वेगळाच प्रश्न. दिलासा एवढाच, की वेळीच उपचार आणि वजन आटोक्यात आले तर काही मांजरांचे इन्सुलिन सुटूही शकते.

मालकांचा दुसरा आक्षेप नसबंदीवर असतो : ‘ऑपरेशन केले आणि ती फुगली.’ निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष अर्धवट. नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. वाटी तेवढीच राहिली की वजन वाढणारच. नको असलेली पिल्ले, बोक्यांच्या मारामाऱ्या, गर्भाशयाचे आजार हे सगळे टाळणारी शस्त्रक्रिया यासाठी नाकारणे शहाणपणाचे नाही. टाके काढायला गेल्यावरच ‘आता खाणे किती कमी करायचे?’ हे विचारून घेणे सोपे आहे. अनेक दवाखान्यांत हे आपणहून सांगितले जात नाही. तिथे चूक मालकाची नसते.

‘थोडेसेच’चा हिशेब

‘फारसे खात नाही’ हे वाक्यही तपासून पाहण्यासारखे आहे. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २४० कॅलरी पुरतात. बाजारात मिळणाऱ्या कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसभराचे खाणे जेमतेम ६० ग्रॅम. वाटी संपली की भरायची, या पद्धतीत ते कधीच ओलांडले जाते.

त्यात वरचा खाऊ. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १०० कॅलरी असतात. म्हणजे अर्धा कप दुधातच मांजराची जवळपास निम्मी गरज भागते. आजी सकाळी दूध देते, मुले शाळेतून आल्यावर चीजचा तुकडा देतात, रात्री ताटातला मासा मिळतो आणि प्रत्येक जण प्रामाणिकपणे सांगतो, की ‘मी थोडेसेच दिले.’ शिवाय दूध हे मांजराचे अन्न असल्याची समजूत पक्की असली, तरी बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन हे पोषणद्रव्य त्याला मांसातूनच मिळते आणि ते कमी पडले तर हृदय निकामी होऊ शकते, हे १९८७मध्ये अमेरिकेतल्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यामुळे जाडी कमी करायची म्हणून दूध-पोळीवर आणणे, हा उपाय उलटा आहे.

खाद्य कोरडे असावे की ओले, यावर पशुवैद्यांमध्येही एकमत नाही. ओल्या खाद्यात पाणी जास्त असल्याने तेवढ्याच कॅलरींत पोट भरते, असे काहींचे म्हणणे. कोरडे खाद्य स्वस्त, टिकाऊ आणि मोजायला सोपे, असे इतरांचे. एकूण कॅलरी मोजल्याखेरीज यातले काहीच उपयोगी पडत नाही, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

उपास नको

डॉक्टरांचे पटले, की काही जण दुसरे टोक गाठतात आणि वाटीच उचलून ठेवतात. हे धोक्याचे आहे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवले नाही, तर अंगावरची चरबी वेगाने यकृतात साचू लागते, कावीळ होते आणि जीवही जाऊ शकतो. मांजराला उपास घडवू नये. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट ही सुरक्षित चाल. ५ किलोच्या मांजरासाठी ती २५ ते ५० ग्रॅम होते. एक किलो उतरवायला पाच ते दहा महिने लागणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी आणि आहाराचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे.

मांजर रुसेल, दुरावेल, ही भीतीही अनेकांना असते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील पशुवैद्यांनी ५८ लठ्ठ मांजरांना आठ आठवडे मोजका आहार दिला. त्यांचे निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे वजन घटले. जेवणाआधी मांजरे जास्त ओरडली, मागे मागे फिरली. पण जेवण झाल्यावर ती मांडीवर येऊन बसत आणि पूर्वीपेक्षा अधिक लाडात येत, असे त्यांच्या मालकांनी सांगितले.

माणसांसाठीच्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांचा सध्या बोलबाला आहे. त्याच गटातले एक्झेनाटाइड हे औषध त्वचेखाली बसवून मांजरांचे वजन उतरवता येईल का, याच्या चाचण्या अमेरिकेत सुरू आहेत. पण घरातल्या कोणाचे औषध मांजराला देण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

एका नजरेने ठरत नाही

या वादावरचा तोडगा कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात सापडतो. उत्तर अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून जमा झालेल्या १ कोटी ९० लाख मांजरांच्या वजनाच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. साध्या, आखूड केसांच्या मांजरांचे सरासरी वजन आठव्या वर्षापर्यंत वाढतच जात होते. त्याहून बोलकी गोष्ट ही, की निम्म्याहून अधिक मांजरांच्या नावावर आयुष्यात एकदाच वजन केल्याची नोंद होती.

एकाच आकड्यावर भांडण होणारच. डॉक्टरांना त्या दिवशीचे मांजर दिसते, मालकाला रोजचे. वाढ दोघांनाही दिसत नाही. ती दिसायला नोंदी लागतात. स्वयंपाकघरात वापरायचा, १० किलोपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. त्यावर टब किंवा खोके ठेवून महिन्यातून एकदा मांजराचे वजन करावे आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावे. त्याच काट्यावर सकाळीच दिवसभराचे खाद्य मोजून डब्यात काढावे, आणि घरातल्या ज्याला लाड करायचे असतील त्याने त्या डब्यातूनच करावेत.

या नोंदींचा उपयोग फक्त लठ्ठपणापुरता नाही. उतारवयात खाणे नेहमीसारखे असूनही मांजर हडकू लागले, तर मधुमेह किंवा थायरॉइडची शंका घ्यावी लागते. भूक मंदावून वजन उतरले, तर मूत्रपिंडाचे आजारही तपासावे लागतात. अशी घटसुद्धा कॅलेंडरवर आधी दिसते, डोळ्यांना नंतर. पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टर आणि मालक यांच्यामध्ये वर्षभराचे बारा आकडे असतील, तर ‘अंगानेच भरलेली आहे’ की नाही, यावर वाद घालायची वेळच येणार नाही.