गुलाबाचें कलम मरतें कां?

घरच्या बागेंत लावलेलें गुलाबाचें कलम पंधरवड्यांत वाळलें, म्हणजे दोष कोणाचा? विकणाऱ्याचा, असें उत्तर बहुतेक घरीं मिळतें. आम्हींही एकदां तेंच दिलें होतें. उघड्या मुळांचीं १२ कलमें टपालानें मागविलीं. त्यांपैकीं ७ वाळलीं. आणि आम्हीं रोपवाटिकेच्या मालकांस कडक शब्दांत पत्र लिहून पैसे परत मागितले. पुढें तीं मेलेलीं कलमें उपटून पाहिलीं, तों प्रत्येकाचीं मुळें मुठीसारखीं आवळलेलीं! तीं तशीं आलीं नव्हतीं. आम्हींच तीं अरुंद खड्ड्यांत कोंबलीं होतीं.

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं, कलम लावल्यानंतर मरत नाहीं; बहुधा तें लावतांनाच मरतें.

कुंडींतल्या रोपाच्या मुळांभोवतीं मातीची हुंडी असते, म्हणून तें आपला आळस कांहीं काळ सोसतें. उघड्या मुळांच्या कलमास हा आधार नाहीं. पाणी शोषणारे मुळांचे बारीक तंतू उन्हावाऱ्यांत थोड्याच वेळांत सुकतात, आणि नवे फुटेपर्यंत कलमास तहानेनें दिवस काढावे लागतात. यासाठीं पुडकें सोडतांच मुळें बादलीभर पाण्यांत पांच-सहा तास बुडवून ठेवावीं. खड्डा तर कलम घरीं येण्यापूर्वींच तयार असावा. आम्हांस हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, व हीच कोणी करीत नाहीं. पाहुणा दारांत उभा राहिल्यावर सरपण शोधावयास निघावें, तसा आपला प्रकार.

खड्डा दीड फूट लांब, तितकाच रुंद व खोल असावा. निघालेल्या मातींत चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. ताजें शेण घालण्याची हौस पुष्कळांस असते. त्यानें हुमणीची मात्र सोय होते. मोडकीं मुळें धारदार चाकूनें छाटावीं. खड्ड्याच्या मध्यभागीं मातीचा लहानसा ढीग करून त्यावर मुळें छत्रीच्या काड्यांप्रमाणें चोहोंकडे पसरावीं. माती लोटतांना कलम हलकेंच हालवावें, म्हणजे आंत पोकळी राहत नाहीं. मग माती बेतानें दाबून भरपूर पाणी द्यावें. डोळा भरलेला सांधा जमिनीच्या वर दोन बोटें राहिला पाहिजे. थंड देशांतील पुस्तकांत तो मातीखालीं गाडण्यास सांगतात, तें तिकडील हिमासाठीं. पुण्या-नाशिकाकडील हवेंत त्याचें प्रयोजन नाहीं.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, हें काम करावें.

आणखी एक. डोळा ज्या खुंटावर भरतात तो निराळ्या, काटक जातीचा असतो. उत्तर हिंदुस्थानांत ‘एडवर्ड’ गुलाब त्या कामीं वापरतात. सांध्याखालून फुटलेली फांदी जोमदार दिसते, म्हणून विद्यार्थिमित्र तीच कौतुकानें जपतात. ती खुंटाची होय. ती मुळाशींच ओढून काढावी. नाहीं तर आपला गुलाब हळूहळू नाहींसा होऊन खुंटच वाफा व्यापतो.

रोपवाटिकेच्या मालकांस आम्हीं दुसरें पत्र लिहिलें, तें पहिल्याहून पुष्कळ अवघड गेलें. पुढील नोव्हेंबरांत त्यांच्याचकडून ७ कलमें पुनः मागविलीं; या वेळीं खड्डे आठ दिवस आधीं तयार होते. सहा जगलीं. सातवें शेजारच्या शेळीनें खाल्लें, व त्याबद्दल आम्हीं कोणासही पत्र लिहिलें नाहीं.