मेसचा फॉर्म भरताना
वसतिगृहात पाऊल ठेवलं की मेसचा फॉर्म हातात येतो : व्हेज की नॉनव्हेज? घरी सुकट-बोंबील, मटण आवडीनं खाणारी आपली कित्येक मुलं इथं मुकाट्यानं 'व्हेज'वर खूण करतात. पैसे वाचवायला केलं असेल तर ठीक; शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही हे आम्हीही भोगलंय. पण रूममेट काय म्हणेल म्हणून? 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या एका मेसमध्ये सहा टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली. तिथं बसून मांसाहार करत निषेध केला, तर विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड! म्हणजे ताटावरून पंगत वेगळी करणं हा नियम, आणि त्याला हरकत घेणं हा शिस्तभंग. मित्रांनो, जे खाता तेच फॉर्मवर लिहा. वेगळ्या टेबलावर बसायला सांगितलं, तर तो आदेश लेखी मागा.