न दिसणारी ज्योत आणि तिची राखण

देवघरांतला नंदादीप मालवला तर तें घरांतील कोणाच्या ना कोणाच्या ध्यानांत येतेंच. कारण ज्योत डोळ्यांना दिसते. परंतु जी ज्योत दिसतच नाहीं, ती पेटली आहे कीं विझली आहे हें ओळखावें कसें? हा प्रश्न रसायनशाळांतून रोज उपस्थित होतो, आणि त्याच्या उत्तरावर कधीं कधीं एखाद्या माणसाची अब्रू अवलंबून असते. म्हणून या वेळीं त्याचा परामर्श घेण्याचें योजिलें आहे.

मुदखेड हें नांव पुष्कळ वाचकांस आदिलाबादचा फांटा जेथें फुटतो तें रेल्वेचें जंक्शन म्हणून ठाऊक असेल. समजा, तेथील रस्त्यावर अपघात झाला आणि मोटार हांकणारा मद्य प्यालेला असावा असा संशय आला. तर त्याच्या रक्ताचा नमुना तपासणीस धाडावा लागतो. अशा कामासाठीं जवळच नांदेड येथें सरकारची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम मद्यार्क एवढीच आहे. इतक्या सूक्ष्म मोजणीसाठीं जगभर जें यंत्र वापरतात, त्यास गॅस क्रोमॅटोग्राफ म्हणतात.

नमुन्याची वाफ एका लांब व अति बारीक नळींतून नेली असतां तिच्यांतील निरनिराळीं द्रव्यें निरनिराळ्या वेळीं बाहेर पडतात. नळीच्या टोकाशीं हायड्रोजनची चिमुकली ज्योत जळत असते. कार्बनयुक्त द्रव्य तींत जळलें म्हणजे विद्युद्भारित कण उत्पन्न होऊन अत्यल्प वीजप्रवाह वाहूं लागतो आणि आलेखावर शिखर उमटतें. ही युक्ति १९५७-५८ च्या सुमारास मेलबर्न येथें मॅकविल्यम व ड्यूअर यांनीं आणि प्रिटोरिया येथें प्रिटोरियस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्वतंत्रपणें शोधून काढली. पाण्याला ही ज्योत जवळजवळ दाद देत नाहीं. त्यामुळें रक्तासारख्या पाणथळ पदार्थांतील मद्यार्क तिला सहज टिपतां येतो. विषारी मिथेनॉल आणि साधा मद्यार्क यांतील भेदही ती दाखविते. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या मालवणी भागांत मिथेनॉलमिश्रित दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. यावरून या परीक्षेचें महत्त्व कळून येईल.

आतां अडचण पाहूं. हायड्रोजनची ज्योत बहुधा दिसत नाहीं. ती मध्येंच विझली तर आलेखावर सरळ रेघ येते, आणि "कांहीं सांपडलें नाहीं" याची रेघही तशीच सरळ असते! यावर उपाय असा कीं, प्रत्येक नमुन्यांत प्रोपेनॉलसारखें एक ओळखीचें द्रव्य मोजून घालावयाचें. त्याचें शिखर न उमटल्यास दोष यंत्राचा, हें तात्काळ समजतें. दुसरें संकट याहून भयंकर आहे. न जळलेला हायड्रोजन यंत्रांत सांचत जातो, आणि हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ ते ७५ असतां तो एका ठिणगीनेंही पेट घेतो.

म्हणून ज्योत आपोआप व खात्रीनें पेटावी यासाठीं यंत्रास एक क्रम शिकविलेला असतो. प्रथम शोधकाची कोठी सुमारें १५० अंश सेल्सिअस किंवा अधिक तापवावयाची. ती थंड असल्यास ज्वलनांतून होणारें पाणी तेथेंच सांचतें. मग पूरक वायूचा ओघ कमी करून हायड्रोजनचें प्रमाण किंचित् वाढवावयाचें आणि तार लाल तापवावयाची. "फट्" असा बारीक आवाज होतो. परंतु नुसत्या आवाजावर विसंबतां येत नाहीं. ज्योत जळूं लागतांच कांहीं पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या लक्ष कोटीव्या हिश्श्याच्या मापाचा, प्रवाह वाढतो. तेवढा वाढला तर ज्योत आहे. न वाढल्यास पुन्हां यत्न करावयाचा, आणि मोजके यत्न फसल्यावर हायड्रोजन बंद करावयाचा. जुने कामगार वरच्या तोंडाशीं थंड, चकचकीत धातु धरून वाफेचें दंव येतें कीं नाहीं तें पाहतात. तेंही प्रमाण उत्तम. तरीही ज्योत वारंवार रुसत असेल तर तार झिजली आहे काय, तोटी काजळली आहे काय, सांधे गळतात काय, हें क्रमानें पाहावें.

या साऱ्याचा बोध आपल्या स्वयंपाकघरालाही आहे. कित्येक शेगड्यांत ज्योतीच्या उष्णतेनें उपजणारी वीज झडप उघडी धरून ठेवते. ज्योत गेली कीं कांहीं क्षणांत झडप मिटते. अशी सोय नसलेल्या शेगडीपाशीं ही झडप गृहिणीनेंच व्हावयास पाहिजे. पहिल्या दोनतीन ठिणग्यांत बर्नर न पेटल्यास खटका दाबीत राहूं नये. गॅस बंद करावा, दारेंखिडक्या उघडाव्या, आणि वास पार गेल्यावरच पुन्हां पेटवावें. हायड्रोजन वर उडून जातो. पण सिलिंडरचा घरगुती गॅस हवेहून जड असल्यानें जमिनीलगत, जेथें मुलें खेळतात तेथेंच, दबा धरून बसतो. हा नियम घरांतील सुनामुलींस, तसाच चहा करूं पाहणाऱ्या मुलांसही, एकदां समजावून द्यावा.