डुक्कर कोणाचं, जमीन कोणाची?



भात निसवलं आणि रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलं. आपला माणूस रेंज हापिसात गेला. साहेब म्हणाले, सातबारा आण. तलाठी म्हणाला, जमीन फॉरेस्टची, डुक्करपण फॉरेस्टचं, माझं काय काम? कृषीवाले म्हणाले, आधी ते दोघं येऊ द्या, मग पंचनामा. वाट बघून उरलंसुरलं कापलं, तर म्हणतात शेतात नुकसान दिसत नाही!

हीच खाती अतिक्रमण हटवायला मात्र एका सकाळी हजर. फॉरेस्टची जीप, महसूलचा माणूस, पोलिसांची गाडी. तेव्हा कोणी कोणाच्या पत्राची वाट बघत नाही. 'खात्यांचा समन्वय नाही' असं मीटिंगमध्ये सांगतात ते खोटं आहे. समन्वय आहे, तो आपल्या विरुद्ध आहे.

वनहक्क कायद्याने (२००६) उपविभागीय आणि जिल्हा समितीत महसूल, वन आणि आदिवासी विकास ही तिन्ही खाती एकत्र बसवली, सोबत पंचायतीचे तीन सदस्य दिले. तरी खेळ तोच. वनहक्क समिती पाहणीला बोलावते, कोणी येत नाही. पुढे फायलीवर शेरा पडतो, 'पाहणीत वनखात्याची सही नाही.' अरे, आला नाहीत तर सही कशी असेल?

म्हणून २०१२ च्या दुरुस्तीतला नियम १२-अ गावात वाचून दाखवा. कळवल्यावर वन आणि महसूलच्या अधिकाऱ्यांनी पाहणीला हजर राहायचंच, सही करायची, हरकत असेल तर तिथेच लिहायची. गैरहजर राहून मागाहून हरकत घेतली, तर ग्रामसभा पुन्हा तारीख कळवते. तेव्हाही आले नाहीत तर पाहणीबद्दल ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हे आपण नाही म्हणत, सरकारचा नियम म्हणतो.

वाघाचंही तसंच. कलम ५ प्रमाणे जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेलाही आहे. पण गाव उठवायची बोलणी बंद खोलीत होतात, आपल्याला शेवटी सांगतात. कलम ४(२) सांगतं, आधी हक्क मान्य करा, मग ग्रामसभेची लेखी संमती घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा म्हणजे संमती नव्हे, त्यामुळे तो कोणी देऊ नये.

पाहणीची नोटीस दोन्ही खात्यांना वेगवेगळी द्या. तोंडी सांगू नका. पोच घ्या, तारखेसकट शिक्का घ्या. शिक्का द्यायला कारकून कां-कूं करायला लागला तर चार बाया सोबत न्या, लवकर सापडतो.