खाटल्यावरचा हरी आणि केडगावची भाकर

आमच्या वर्गातील एक ख्रिस्ती मित्र डबा उघडण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटतो. "डबा दिला आईने, आभार मात्र दुसऱ्याचे!" अशी त्याची थट्टा होते. आम्हा मराठी मुलांच्या तोंडी तर म्हण तयारच असते: 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.' देवावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळून बसणे, असा आपला समज. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्रार्थनेवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण मला हा प्रश्न जमाखर्चाचाच वाटतो.

खाटल्यावरचा हरी काय असतो, हे पंडिता रमाबाईंनी फार जवळून पाहिले होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारे. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या दिवसांत होते नव्हते ते देवधर्मात संपले. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागणे कमीपणाचे वाटे. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. अशी बाई पुढे प्रार्थनेच्या बळावर संस्था चालवते, तेव्हा तिला भोळी म्हणून बाजूला सारता येत नाही.

१८८७ साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने त्यांच्या कार्यास दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले होते. ती मुदत संपत आली आणि नेमका त्याच सुमारास, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुढच्या पैशाची हमी नाही, खाणारी तोंडे मात्र तीनशे! कोणत्याही हिशेबनिसाने कपाळाला हात लावला असता.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांची हकीकत रमाबाईंनी वाचली होती. म्यूलर यांनी अनाथालयांसाठी कोणा माणसापाशी पैसा मागितला नाही, कर्ज काढले नाही, तरी दहा हजारांवर मुले सांभाळली. परंतु आम्हा वाणिज्यवाल्यांना विशेष वाटावे ते वेगळेच. आलेल्या देणग्यांचा हिशेब ते नियमाने छापून प्रसिद्ध करीत! पैसा आपला नाही, सोपवलेला आहे, असे मानणारा माणूस वही अधिक काटेकोर ठेवतो. 'विश्वस्त' या शब्दाची व्याख्या आपण परीक्षेपुरती पाठ करतो. येथे ती जगलेली दिसते.

केडगावची जमीन मुळात फळबागेच्या उत्पन्नासाठी घेतलेली. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम शिकवले, छापखाना घातला. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथल्याच स्त्रियांच्या हातून छापले गेले. प्रार्थना झाल्यावर खाटल्यावर कोणी बसत नसे.

आता एक शंका. मुक्तिसदनाचे 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचे पत्रक परदेशी वाचकांकडे जाई. गरज कळली की लोक पैसे पाठवणारच. मग दिले देवाने की वाचकांनी? मला यात लबाडी दिसत नाही. देव माणसांच्या हातून देतो, असेच ख्रिस्ती माणूस मानतो. आईचा डबा आणि देवाचे आभार या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू झाल्या. द्विनोंदी पद्धत शिकणाऱ्यांनी तरी त्यावर हसू नये.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. ज्यांना भाकर मिळाली नाही त्यांचे अहवाल कोणी छापत नाही. प्रार्थना करीत दुष्काळात मेलेल्यांची नोंद कोणत्या वहीत सापडणार? म्हणून 'मागितले की मिळतेच' हे मला मान्य नाही, आणि केडगाव त्याचा पुरावाही नव्हे. मात्र ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत मागणी केवढी आहे पाहा: एका दिवसाची भाकर. कोठार नाही, नफा नाही. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना येथे आयदक्की लक्कम्मा आठवेल. नवऱ्याने त्या दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले, तर बाराव्या शतकातील त्या शरणीने ते परत नेऊन टाकायला लावले.

आपल्या शहराजवळ चिलकूरला बालाजी आहे. व्हिसासाठी अकरा प्रदक्षिणा आणि काम झाले की एकशे आठ, हा तेथला रिवाज सर्वांना ठाऊक आहे. आता तर काही ख्रिस्ती प्रार्थनासभांच्या फलकांवरही घर, नोकरी, परदेशगमन यांची आश्वासने असतात. मागणाऱ्यांना मी हसत नाही. निकालाच्या आदल्या रात्री कोण मागत नाही? पण काम झाल्यावर इतके देईन, हा करार झाला. त्यात दोन्ही पक्ष बरोबरीचे असतात. उद्याचे तीनशे डबे कोठून येतील हे माहीत नसताना आज विहीर खणायला लागणे हा करार नव्हे, आणि केडगावला जे चालले होते ते हे होते.